सातव्या आज्ञेचा ठराव

गेरिट हॉफस्ट्रा रविवारी विमानतळावर गेला होता, हे मला सोमवारी सकाळी बेकरीत कळलं. सकाळची उपासना आटोपून, दुपारच्या उपासनेला चक्क दांडी मारून तो राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या असलेल्या व्हिक्टर स्टॅलरच्या सभेला गेला, बर्फात रांगेत उभा राहिला आणि स्टॅलरशी हात मिळवून परत आला. रविवारी! माझ्या नवऱ्याला रविवारी गवत कापताना पाहिलं म्हणून ज्याने कुंपणापाशी गाडी थांबवून ‘देवाचा दिवस पवित्र पाळ’ ही बायबलमधली चौथी आज्ञा ऐकवली होती, तो हा माणूस.

मी कॉफी अर्धी टाकून घरी आले. राग आला असं म्हटलं तर खोटं ठरेल. मला आनंद झाला होता. इतकी वर्षं मी या माणसाचा पाय घसरायची वाट बघत होते, आणि आता तो स्वतःच्या पायाने चालत बर्फावर गेला होता.

गेरिट आमच्या चर्चच्या मंडळीचा एल्डर, म्हणजे सगळ्यांची शिस्त बघणारा पंच. पाळक येतात, चार-सहा वर्षं प्रवचनं देतात, मिशिगनला निघून जातात. एल्डर हॉफस्ट्रा जिथल्या तिथे. आणि तो नुसता आमच्याच पापांचा हिशेब ठेवायचा असं नाही. राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेले झाडून सगळे आमच्या न्यू ड्रेंथमध्ये येतात, कारण पक्षाची पहिली निवड आमच्या राज्यात होते. येतात, बेकरीत उभे राहून बदामाची पेस्ट्री खातात, फोटोपुरतं ‘वा’ म्हणतात आणि मग गेरिटच्या टेबलाशी बसतात. गेरिटचे तीन प्रश्न ठरलेले. लग्नं किती झाली? पोटातल्या बाळाबद्दल आज जे बोलतोस तेच दहा वर्षांपूर्वी बोलत होतास का? आणि रविवारी काय करतोस?

एक सिनेटर रविवारी गोल्फ खेळतो म्हणून बाद झाला. एका गव्हर्नरने गर्भपाताबद्दलचं मत मध्येच बदललं होतं. गेरिटने त्याला सगळ्यांदेखत विचारलं, “पटलं म्हणून बदललंस, की मतं दिसली म्हणून?” त्या बिचाऱ्याला पेस्ट्रीचा ठसका लागला. तेव्हा आम्हाला गेरिटचा अभिमान वाटायचा. सगळा देश विकला गेला तरी न्यू ड्रेंथमध्ये एक माणूस आहे, असं माझा नवरा मार्व म्हणायचा. मीही मान डोलवायचे.

मग गेरिटचा तराजू आमच्या घरात आला.

आमची अनिका एकोणीस वर्षांची असताना तिला दिवस गेले. मुलगा पलीकडच्या गावातला, लुथरन, म्हणजे दुसऱ्या चर्चचा. तो लग्नाला तयार नव्हता, आणि लुथरन असल्यामुळे त्याचं पाप आमच्या एल्डरांच्या हद्दीत येत नव्हतं. अनिकाचं येत होतं. गेरिट आणि आणखी एक एल्डर घरी आले, पुढच्या खोलीत बसले, कॉफी प्यायले, मी केलेल्या बदामाच्या वड्या खाल्ल्या, आणि तोंड पुसून त्यांनी सांगितलं की ‘व्यभिचार करू नको’ ही सातवी आज्ञा मोडल्याची कबुली अनिकाला मंडळीसमोर उभं राहून द्यावी लागेल. रीत जुनी आहे. माझ्या आईच्या वेळी अधूनमधून एखादी पोरगी उभी राहायची. आसपासच्या मंडळ्यांनी ती केव्हाच सोडून दिली होती, आमच्याकडेही ती धूळ खात पडली होती. गेरिटने ती झटकून बाहेर काढली.

मी त्याच्या घरी गेले. काकुळतीला आले. “बंद दाराआड होऊ दे, गेरिट,” मी म्हटलं. “तुमच्यासमोर, पाळकांसमोर. पोर पोटुशी आहे, नीट उभंही राहवत नाही तिला.”

“ड्रिना, पाप उघड झालंय,” तो म्हणाला. “मग कबुलीही उघडच व्हायला हवी. मी तिच्या भल्यासाठीच सांगतोय.”

तर अनिका उभी राहिली. निळा सैल फ्रॉक, हातात रुमाल. शब्द एल्डरांनी ठरवून दिलेले होते, तिने ते पाठ केले होते: ‘मी देवाच्या सातव्या आज्ञेविरुद्ध पाप केलं आहे. माझ्यामुळे या मंडळीला ठेच लागली आहे. मला त्याची लाज वाटते. मी देवाची आणि तुम्हा सर्वांची क्षमा मागते.’ ‘लाज वाटते’ म्हणाली आणि तिचा आवाज थांबला. कुणी खोकलंसुद्धा नाही. आमच्याकडे प्रवचन सुरू होताना पेपरमिंटच्या गोळ्या बाकाबाकांवरून पुढे सरकवतात. गेरिट पहिल्या बाकावर बसला होता आणि त्याने आपली गोळी आधीच तोंडात टाकली होती. ती त्याच्या दातांवर वाजत होती. खट, खट. पोरगी शब्द शोधत होती आणि हा गोळी चघळत होता.

त्याच आठवड्यात ती मिनियापोलिसला गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, “आई, ज्या दिवशी गेरिट हॉफस्ट्रा लोकांसमोर उभा राहून हेच शब्द त्याच्या तोंडाने म्हणेल, त्या दिवशी मी या घरात जेवायला येईन.”

मला वाटलं रागाच्या भरात बोलली. पण पोरगी माझी आहे. ती आली नाही. नाताळला नाही, आजीच्या अंत्यविधीलाही नाही. आम्हीच जायचो तिच्याकडे. मग मार्वच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, लांबची गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली, आणि मला हमरस्त्यावर गाडी चालवायची छाती नाही. नातू साइलस आता चौथीत आहे. आजोबांची डुकरं त्याला फोनवरच माहीत. मार्व त्याला फोन धरून गोठाभर फिरवून आणतो.

तेव्हा मला काय हवं होतं ते उघड आहे. क्षमा नको होती, समेट नको होता. गेरिट हॉफस्ट्राच्या तोंडून ती चार वाक्यं काढायची होती, सगळ्या गावासमोर. माझी पोर मला माझ्या टेबलाशी हवी होती, आणि तिने किंमत सांगून ठेवली होती.

बेकरीतल्या त्या बातमीनंतर दोन-तीन दिवसांनी गेरिटची गाडी आमच्या अंगणात आली. पक्षाचा उमेदवार निवडायला आमच्या प्रभागाची सभा भरते, तिचा अध्यक्ष दर वेळी तोच. स्टॅलरच्या बाजूने भाषणही तोच करणार होता. आमच्याकडे माणसांची वानवा नाही, पण हॉफस्ट्रा एकच.

मी कॉफी ठेवली. बदामाच्या वड्याही ठेवल्या. मुद्दाम.

“ड्रिना, तुमची दोघांची मतं हवीत,” तो म्हणाला. “तू बायकांच्या बायबल मंडळात आहेस. तू बोललीस तर दहा जणी ऐकतील.”

“गेरिट, त्याची तीन लग्नं झालीत.”

“माहितेय.”

“दुसरीशी लग्न ठरलं तेव्हा पहिली दवाखान्यात होती.”

“माहितेय गं.”

“आणि गर्भपाताच्या ज्या दवाखान्यांसमोर आपण फलक धरून उभे राहायचो, त्यांना तो वर्षानुवर्षं देणग्या देत होता. टीव्हीवर सांगायचा हसत हसत. त्याच्याविरुद्ध उभा असलेला वॉरन लिटल बघा. एकच बायको, एकच चर्च, तीस वर्षं एकच भाषण.”

“लिटलचं भाषण ऐकताना झोप लागते,” मार्व कोपऱ्यातून म्हणाला. “आणि जाग आली की तेच वाक्य चालू असतं.”

“बघ,” गेरिट हसला. “लिटल भला माणूस आहे, पण जिंकणार नाही. ड्रिना, आपण पाळक निवडत नाहीये. कोरेश राजा आठव. देवाला ओळखतही नव्हता, तरी देवाने त्याच्याच हातून आपल्या लोकांना सोडवलं.”

“कोरेशाने पेस्ट्री खात मतं नव्हती मागितली.”

“तुझी जीभ ना!” तो अजून हसतच होता. मला माझ्या जिभेचं कौतुक नको होतं. “आणि स्टॅलरने पश्चात्ताप केलाय. मी स्वतः त्याच्या माणसांना विचारलं.”

“कुणासमोर केला?”

“म्हणजे?”

“पश्चात्ताप. कुणासमोर केला त्याने?”

गेरिटने वडी उचलली, अर्धी खाल्ली. “देवासमोर. एकांतात. तेवढं पुरे असतं, ड्रिना. देवाने एकदा क्षमा केली की विषय संपला.”

मार्व माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असणार की आता कॉफीचं भांडं उडणार. पण भांडं जागेवरच राहिलं. मी गेरिटला आणखी कॉफी ओतली. या माणसाला आठवतही नव्हतं. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत, तशाच वडीचे तुकडे शर्टावर सांडत तो बसला होता, आणि त्याच्या मनात अनिका नावाची कुणी नव्हतीच. आठवून निगरगट्टपणे बोलला असता तर मी त्याला एखादे वेळी सोडलंही असतं. विसरला होता, म्हणून मी ठरवलं.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “सभेला आम्ही येऊ. ठरावाचं काय करताय? दर वेळचा माझा ठराव देऊ ना?”

“तुझ्या ठरावाशिवाय सभा संपल्यासारखी वाटते का कुणाला!” तो उठत म्हणाला. “दे, दे.”

हे सांगायला हवं. मतदान झालं की सभेत कुणीही पक्षासाठी ठराव मांडू शकतो. कागदावर लिहून द्यायचा, अध्यक्ष तो वाचतो, लोक ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणतात. बहुतेक गावांत तोवर खोली रिकामी होते. आमच्याकडे कुणी हलत नाही, कारण बायकांनी घरून भाजून आणलेले गोड ॲपल-पाय आणि कॉफी ठरावांनंतर असतात. मी दर वेळी एकच ठराव देते: रविवारी दुकानं बंद ठेवावीत. लोक डोळे मिटून ‘होय’ म्हणतात. गेरिट तो आधी वाचून बघत नाही. मी ठराव देणार म्हणजे रविवारच. शिवाय नियम त्याचाच. पूर्वी एका अध्यक्षाने गेरिटचा लांबलचक ठराव निम्मा गाळून वाचला होता, तेव्हा त्याने आकाशपाताळ एक करून नियम करवून घेतला होता: ठराव जसा लिहिला असेल तसा, एकही शब्द न गाळता, पूर्ण वाचला जाईल.

सभेच्या आदल्या दिवशी मी अनिकाला फोन केला. “उद्या संध्याकाळी मी तुला फोन लावून खिशात ठेवणार आहे. तू फक्त ऐक.”

“काय ऐकू? त्या गावाचा आवाजही नकोय मला.”

“गेरिट बोलणार आहे.”

“मग तर मुळीच नको.”

“अनिका,” मी म्हटलं, “मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. फोन उचल, आणि तिकडून एक शब्द बोलू नकोस.”

तिने सुस्कारा टाकला. मग म्हणाली, “बरं.”

शाळेच्या जेवणघरात सभा होती. बाहेर वारा असा की टोप्या धरून लोक आत येत होते. जॅकेटांचा ढीग, ओल्या बुटांचा वास, एका लांब टेबलावर झाकून ठेवलेले ॲपल-पाय. गेरिटची बायको नेली पहिल्या रांगेत, शेजारी सून आणि नातू. दाराजवळच्या खुर्चीत म्हाताऱ्या टेना बूमस्माबाई काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. त्या सहसा कुठल्याच सभेला येत नाहीत. तेवढा एक ॲपल-पाय देऊन जातात. त्या दिवशी गाडी न्यायला यायची होती म्हणून थांबल्या होत्या.

वॉरन लिटलच्या बाजूने शाळेतला एक मास्तर बोलला. बिचारा लिटलसारखाच बोलला. मग गेरिट उठला.

बोलायला तो पक्का. आधी देशाची दैना सांगितली, मग न्यायालयं, मग न जन्मलेली बाळं. मग आवाज खाली आणला. “तुमच्यातल्या काहींना स्टॅलरच्या भूतकाळाचा त्रास होतो, मला ठाऊक आहे. मलाही झाला. मी गुडघे टेकून प्रार्थना केली. दावीद राजाने काय केलं होतं? दुसऱ्याची बायको बथशेबा आठवते ना? तरी देव त्याला आपल्या मनासारखा माणूस म्हणाला. मित्रांनो, देवाने ज्याला एकांतात क्षमा केली, त्याला पुन्हा चव्हाट्यावर उभं करणारे आपण कोण?”

टाळ्या पडल्या. मार्वने माझा हात दाबला. मी कोटाच्या खिशात फोन चाचपला. त्याने ‘चव्हाट्यावर’ म्हटलं होतं. त्याहून चांगला शब्द मीसुद्धा त्याला लिहून दिला नसता.

चिठ्ठ्या वाटल्या, लोकांनी तळहाताच्या आडोशाने नावं लिहिली, डब्यात टाकली, मोजल्या. स्टॅलर सहज जिंकला. लिटलला मूठभर मिळाली. गेरिटचा चेहरा लालबुंद झाला होता, गावजेवण घातल्यासारखा तो सगळ्यांशी हात मिळवत फिरत होता. ठराव वाचायला तो परत टेबलाकडे निघाला तेव्हा मी वाटेत उभी राहिले आणि माझा कागद त्याच्या हातात दिला.

“घसा बसलाय तुमचा,” मी म्हटलं, आणि पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

“देव तुझं भलं करो,” तो म्हणाला आणि गोळी तोंडात टाकली.

मी जागेवर येऊन फोन लावला. अनिकाने उचलला. मी तो कोटाच्या वरच्या खिशात उभा ठेवला, गेरिटकडे तोंड करून.

आधी त्याने पवनचक्क्यांचा एक ठराव वाचला, तो पडला. शाळेतल्या प्रार्थनेचा वाचला, तो झाला. मग म्हणाला, “आणि आता ड्रिना व्हेल्डहाउसचा नेहमीचा.” लोक हसले. कुणीतरी आत्ताच ‘होय’ म्हणालं. लोक आणखी हसले.

गेरिट वाचू लागला, त्याच्या त्या प्रवचनाच्या चालीवर. “रविवार हा देवाचा दिवस आहे, आणि त्या दिवशी धंदा वा प्रचार करणं योग्य नाही. ज्या न्यायाने आपण दुकानदारांना हे सांगतो, त्याच न्यायाने सत्तेवर बसू पाहणाऱ्यांनाही सांगावं. ज्याचं पाप उघड झालं आहे, त्याची कबुलीही उघडच व्हायला हवी. मत मागण्याआधी त्याने लोकांसमोर उभं राहून म्हणावं: मी देवाच्या सातव्या आज्ञेविरुद्ध पाप केलं आहे. माझ्यामुळे या...”

तिथे त्याच्या लक्षात आलं.

खोलीच्या त्याच्याही आधी आलं होतं. आमच्या मंडळीतले निम्मे लोक तिथे होते, आणि ते शब्द ज्याने एकदा ऐकलेत तो विसरत नाही. चुळबुळ थांबली. ॲपल-पायवरचं झाकण काढणाऱ्या बाईचा हात हवेतच राहिला. आणि त्या शांततेत मला ते ऐकू आलं. खट. खट. गोळी दातांवर.

गेरिटने कागद खाली केला. माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी त्याला अनिका आठवली. डोळ्यांत दिसलं मला. निळ्या फ्रॉकसकट आठवली. आठव, मी मनात म्हटलं, नीट आठव, घाई नाही.

“हे... हे ठरावात बसत नाही,” तो म्हणाला. “पुढे जाऊ या.”

“का बसत नाही?” मी उठून विचारलं.

“ड्रिना, हा चर्चचा विषय आहे. इथे राजकारण...”

“आत्ताच तुम्ही बथशेबा सांगितलीत. ती कुठल्या पक्षात होती?”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. गेरिटने कागदाची घडी घालायला सुरुवात केली. तेवढ्यात दाराजवळून काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

“पूर्ण वाच, गेरिट.” टेना बूमस्माबाई उठून उभ्या होत्या. “नियम तुझाच आहे. एक शब्द गाळायचा नाही.”

“टेनाबाई, तुम्ही बसा, तुम्हाला कल्पना नाही...”

“मला कल्पना नाही?” म्हातारीचा आवाज कापत होता, पण ऐकू शेवटच्या भिंतीपर्यंत जात होता. “तुझा जन्म व्हायचा होता तेव्हा मी उभी राहिलेय चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. तुझा आजोबा पहिल्या बाकावर होता. मी पूर्ण म्हटलं. तूही म्हण.”

मला हे माहीत नव्हतं. खोलीतल्या कुणालाच माहीत नसावं. टेनाबाईंनी आयुष्यभर आम्हाला ॲपल-पाय खाऊ घातले आणि हे कधी सांगितलं नाही.

गेरिटने बायकोकडे बघितलं. नेली त्याच्याकडे बघत नव्हती. ती मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत होती आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “वाचा ना आता.”

त्याने कागद उघडला. कागद वाजत होता. “माझ्यामुळे या... मंडळीला ठेच लागली आहे,” तो म्हणाला. आता चाल नव्हती. “मला त्याची लाज वाटते.” आणि तिथेच थांबला, अगदी तिथेच, जिथे माझी पोर थांबली होती. मी काही मदत केली नाही. कुणीच केली नाही; फक्त गोळी पुन्हा दातांवर वाजली. त्याच्या नातवाने आईला काहीतरी विचारलं, तिने त्याला गप्प केलं.

“मी देवाची आणि तुम्हा सर्वांची क्षमा मागतो.”

मग त्याला अध्यक्ष असल्याचं आठवलं. “होय म्हणणारे?” तो पुटपुटला.

‘होय’ आला, तो बायकांचा. सगळ्या बायकांचा नाही, पण बऱ्याच जणींचा, आणि त्यात नेलीचा होता. ‘नाही’ पुरुषांचा, मोठा. ठराव पडला. पडू दे. मला ठराव कुठे हवा होता.

ॲपल-पायच्या टेबलापाशी त्या दिवशी फारशी गर्दी झाली नाही. मी जॅकेट घालत होते तेव्हा गेरिट माझ्याजवळ आला. हातात काही नव्हतं, कॉफीसुद्धा नाही.

“हे घरी येऊन बोलता आलं असतं, ड्रिना. दोघांत. माझा नातू इथे बसला होता.”

“मी आले होते ना तुमच्या घरी,” मी म्हटलं. “बंद दाराआड होऊ दे म्हणाले होते. तेव्हा माझा नातूही होता. पोटात होता, पण होता.”

“मी तेव्हा तिच्या भल्यासाठीच...”

“मीही तुमच्या भल्यासाठीच केलंय, गेरिट.”

तो उभाच राहिला. त्याची दया यायला हवी होती. मी वाट बघितली, आली नाही. मी मफलर गुंडाळला आणि बाहेर पडले.

ट्रकमध्ये मार्वने इंजिन चालू केलं, हात चोळले, काच पुसली. ट्रक शाळेच्या फाटकातून बाहेर काढला. मग म्हणाला, “एक विचारू? तू मत कुणाला दिलंस? लिटलला मोजून इतकी कमी पडली, मला वाटलं निदान आपली दोन तरी आहेत त्यात.”

“तुझं एक असेल. मी स्टॅलरला दिलं.”

त्याने ब्रेकच दाबला. “ड्रिना! अगं का?”

“निवडून येऊ दे त्याला,” मी म्हटलं. “मग गेरिटला चार वर्षं रोज सकाळी उठून बेकरीत त्याची बाजू घ्यावी लागेल. त्याने बायको बदलली, शब्द बदलला, रविवारी काही केलं, की मी समोर जाऊन बसणार आणि विचारणार: गेरिट, आज काय झालं ते सांगा की.”

मार्व माझ्याकडे बघत राहिला. तीस-बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईकडे माणूस असं बघत नाही. मग त्याचे खांदे हलायला लागले. आणि हसणं दोघांचं ऐकू आलं. एक त्याचं, आणि एक माझ्या छातीतून.

मी फोन बंदच केला नव्हता.

घाईघाईने खिशातून काढला. “अनिका? अगं तू अजून आहेस?”

“आहे,” ती म्हणाली. हसत होती, पण नाक ओढत हसत होती. मग थांबली. “आई, गोळीचा आवाज आला.”

“आला ना?”

“‘लाज वाटते’ नंतर. तो थांबला, आणि गोळी वाजली.”

“मीच दिली होती त्याला,” मी म्हटलं.

फोनवर वारा वाजत होता, इकडचा आणि तिकडचा. मार्वने ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला होता आणि स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला होता, चर्चमध्ये बसतो तसा.

“रविवारी जेवायला काय करणार आहेस?” अनिकाने विचारलं.